आईचे डोळे घारे नव्हते

रंग अजून ओला होता, म्हणून तर रविवारी सकाळी अकराच्या ठोक्याला सगळे भाऊच्या जेवणाच्या टेबलाभोवती जमले होते. वाळला असता तर हेच भांडण निवांतपणे पुढच्या महिन्यातही करता आलं असतं.

वहिनीनं दार उघडलं आणि ताईला बघून ती एक पाऊल मागं सरकली. आरशाच्या कपाटावरून दोघींचं वाजलं त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. तेव्हापासून या घराची पायरी चढायची नाही असं ताईनं ठरवलं होतं, आणि ताई ठरवलेलं पाळायची. आज ती तीन मजले चढून आली होती, बाहत्तराव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून. मागं तिचा वकील मुलगा, हातात तिची पर्स.

"या," वहिनी म्हणाली. "चहा टाकते."

"चहाला नाही आले मी. कुठाय ती?"

ती म्हणजे आई. टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं होतं, त्यावर एक लाकडी फळी, आणि फळीला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून आईचा फोटो बसवलेला. स्टुडिओतल्या खुर्चीच्या अगदी कडेवर ती बसली होती, घरी काहीतरी चुलीवर ठेवून आल्यासारखी. अंगात बटणांचा स्वेटर, केस घट्ट मागं ओढलेले, एक हात शेजारच्या गोल टेबलावर. एकसष्ट वर्षं ही बाई काळ्या-पांढऱ्यात बसून होती, आधी वडिलांच्या भिंतीवर आणि मग ताईच्या. आता मागचा पडदा फिकट हिरवा झाला होता, स्वेटर विटकरी, गालांवर लाली आणि डोळे घारे.

ताई बराच वेळ बघत राहिली. कुणी खुर्ची पुढं केली तीही तिनं घेतली नाही.

"पूस," ती म्हणाली.

"ताई, बस तरी आधी," भाऊ म्हणाला.

"काच बदलायला म्हणून घेऊन गेलास तू हिला माझ्या घरातनं. काच! साधी काच बदलायला तीन आठवडे लागतात का? मी फोन केला की हा म्हणतो, काचवाला गावाला गेलाय. आणि रंगाचं मला बाहेरून कळतंय."

चौतीस वर्षं भाऊनं पोस्टात टपालाचं वर्गीकरण केलं होतं, एका पत्राची वाट चुकवली नव्हती, आणि थापा मारायची त्याला सवय अशी नव्हती. मारली तर ती अशी उघड्यावर पडायची.

रंगांचा नाद त्याला निवृत्तीनंतर लागला. भंगारवाल्याकडं जुने काळे-पांढरे फोटो ढिगानं यायचे. कुणाकुणाचे आजे, पणज्या, कोटातले कारकून, घाबरलेली बाळं. भाऊ ते घरी आणायचा आणि तेलरंगाच्या बारीक नळ्या, काडीला गुंडाळलेला कापूस आणि टर्पेंटाइन घेऊन त्यांना रंगवायचा. आधी मागचा पडदा, मग कपडे, मग कातडी. डोळे सगळ्यात शेवटी, दात कोरायच्या काडीच्या टोकानं. ही माणसं कोण हे कुणालाच माहीत नसल्यामुळं चुकायची भीती नव्हती. परक्या माणसाचा कोट निळा केला काय नि तपकिरी केला काय, तो तक्रार करायला येत नाही.

वहिनीनं सहा वर्षं हे निमूटपणं सोसलं होतं. टेबल गेलं, घरभर टर्पेंटाइनचा वास भरला, काचेच्या कपाटावर परकी माणसं ओळीनं येऊन बसली. त्यांच्या जाण्यायेण्याची तिला सवय झाली होती. पण सासू आली तेव्हा तिनं बजावलं होतं, आणि आज ते सगळ्यांना कळावं असं तिला वाटत होतं.

"मी यांना सांगितलं होतं," ती ताईला म्हणाली. "म्हटलं, आधी ताईंना विचारा. त्या म्हणतील तसं करा."

ताईनं दीड वर्षात पहिल्यांदा वहिनीकडं नीट बघितलं. "ऐकलं नाही ना?"

"हे कधी ऐकतात कुणाचं?"

भाऊ चकित झाला. बायको आणि बहीण एका बाजूला, हे त्याच्या लग्नाला अडतीस वर्षं होऊन अजून घडलं नव्हतं. घडायचं तर आजच घडायचं होतं.

"मामा, मला एक सांग," वकील म्हणाला. कोर्टात असतो तसा तो इथंही मधोमध बसला होता. "पुसलं तर सगळं पुसलं जातं? डाग वगैरे?"

"सगळं निघतं. टर्पेंटाइनचा बोळा फिरवायचा. पण आज संध्याकाळपर्यंतच. उद्या रंग धरायला लागेल, परवा मग काही नाही."

"आणि कॉपी काढलीयेस ना?"

"काढलीय की. आधी त्याच्यावरच करून बघितलं. आजकालचा कागद गुळगुळीत असतो, रंग घसरतो त्याच्यावरनं. जुना कागद धरून ठेवतो."

"म्हणजे काळा-पांढरा फोटो आहेच. मग आई, तू ती कॉपी भिंतीवर लाव, आणि हा—"

"मला कॉपी नको," ताई म्हणाली. "हा कागद तिनं हातात धरलाय. स्टुडिओतनं आणला तेव्हा मी होते तिथं. तिनं पुसला पदरानं आणि म्हणाली, बरी आलेय की मी. तू मला कायदा शिकवू नकोस."

घरात वकिलाचा एकही खटला आजवर टिकला नव्हता.

खिडकीशी बेबी बसली होती. बेबी एकसष्ट वर्षांची होती, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, पण घरात ती बेबीच होती आणि मरेपर्यंत राहणार होती. आल्यापासून ती तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती. आता ती म्हणाली, "भाऊला बोलू नकोस. मी सांगितलं होतं त्याला."

"काय सांगितलंस?"

"रंगव म्हणून. आणि तुला कळू देऊ नको म्हणूनही. काच माझीच आयडिया."

"का?"

बेबीला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. तीन आठवडे ती उत्तर घोकत होती, आणि आता त्यातलं एकही वाक्य तिला आठवेना.

"माझी नात झाली, तिला बघायला सगळे आले ना, तेव्हा जो तो म्हणत होता, नाक हिचं, कपाळ त्याचं. व्याही म्हणाले, रंग कुणावर गेलाय? तुमच्या आईवर का? मला काय माहीत? मी पाच महिन्यांची होते. मला आई म्हटलं की करडी बाई दिसते. स्वप्नातसुद्धा करडीच येते. तू तिला अकरा वर्षं बघितलंस, भाऊनं चार. मला एकदा तिला रंगीत बघायचं होतं. बास, एवढंच."

"मग मला विचारायचंस."

"तुला विचारलं की तू गोष्ट सांगतेस. आई अशी गायची, आई अशी हसायची. लहानपणापासून ऐकतेय. मला गोष्ट नको होती, ताई. मला ती बघायची होती."

ताईला हे लागलं. तिनं शाळा सोडून या दोघांना वाढवलं होतं, वडील फिरतीच्या नोकरीवर असताना घर चालवलं होतं, आणि त्या सगळ्यात रोज झोपताना आईची एक गोष्ट सांगितली होती. ती गोष्ट कुणाला नको असेल हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. लागलं म्हणून तिचा आवाज आणखी करडा झाला.

"बघ मग. बघून घे नीट. पण ही आई नाही. आईचे डोळे घारे नव्हते. घारे माझे आहेत, ते वडिलांवरून आलेत. यानं कुठल्या भंगारातल्या बाईचे डोळे आणून हिला बसवलेत देव जाणे."

"मला घारेच आठवतात," भाऊ म्हणाला.

"तुला काय आठवतंय? शेंबूड पुसता येत नव्हता तुला."

"मला स्वेटरही आठवतो. हाच. विटकरी. मी रडत होतो आणि ती माझ्या बुटाची नाडी बांधत होती. बाही भिजलेली होती, ओल्या लोकरीचा वास येत होता. एवढी एकच आठवण आहे ताई माझ्याकडं, पण ती पक्की आहे."

वहिनी चहाचे कप घेऊन आली होती. ती तशीच थांबली, ट्रे हातात, आणि फोटोकडं बघायला लागली. तीन आठवडे हा फोटो तिच्या घरात होता, पण रंग चढल्यापासून तिनं तो जवळून पाहिला नव्हता. रुसव्यात बघायचं राहून गेलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "हा स्वेटर ताईंचा आहे."

"काय?"

"मी या घरात पहिल्यांदा आले ना, तेव्हा ताईंच्या अंगात होता. कोपराला ठिगळ होतं. मला आठवतं, कारण मी मनात म्हटलं, नणंद भारी कडक दिसतेय." ती थांबली, आणि मग आता बोललेच आहे तर म्हणून पुढं बोलली. "स्वेटरच नाही. गाल बघा. ओठांचा रंग बघा. ताई तिशीत अश्शाच दिसायच्या."

वकिलानं आधी फोटोकडं बघितलं, मग आपल्या आईकडं, मग परत फोटोकडं. त्याच्या लहानपणीची आई टेबलावर पडलेली होती. ती त्यानं अर्धा तास समोर असून ओळखली नव्हती.

ताई पहिल्यांदा खाली बसली.

"तो विटकरी मी सोळाव्या वर्षी विणला," ती हळूच म्हणाली. "वडिलांचा जुना उसवून. आई जाऊन पाच वर्षं झाली होती."

भाऊ चष्मा काढून पुसायला लागला. रंग कुठून आणले असं त्याला कुणी विचारलं असतं, तर त्यानं छातीठोकपणं सांगितलं असतं की आठवणीतून. ते खोटंही नव्हतं. एक आठवण त्यानं आयुष्यभर आईची म्हणून जपली होती आणि ती ताईची निघाली. बुटाची नाडी ताईनं बांधली होती, आणि ओली बाही ताईची होती, कारण भांडी तीच घासायची. त्याला वाईट वाटलं. आपल्याकडं आईचं आता काहीच उरलं नाही, असं वाटलं. आणि मग, समोर बसलेल्या बाईकडं बघून, असं वाटल्याची लाजही वाटली.

"म्हणजे नाडी तू बांधायचीस," तो म्हणाला.

"नाहीतर कोण बांधणार? नऊ वर्षांचा होईपर्यंत तुला येत नव्हती."

बेबी खिडकीपासून उठून टेबलाशी आली. रागावण्यात अर्थ नव्हता हे तिला कळत होतं. पण निराशा झाली होती आणि ती लपवायला तिला जमत नव्हतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "भाऊचं चुकलं. पण अजून ओलं आहे ना? पुसू या, आणि ताई सांगेल तसं पुन्हा करू या. ताईला आठवतंय सगळं. भाऊ, तुझी ती चिठ्ठी घे."

रंगवायच्या आधी माणसाचे रंग विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यायचे, असा या कामातला जुना शिरस्ता होता. भाऊला तो पुस्तकातून माहीत होता, पण त्याच्या भंगारातल्या गिऱ्हाइकांबद्दल विचारायला कुणी मागं उरलेलं नसायचं. त्यानं पेन्सिल घेतली. टपालखात्यातल्या वळणदार अक्षरात वर लिहिलं, आई. खाली लिहिलं, केस, कातडी, डोळे, ओठ, कपडे.

"सांग," तो म्हणाला.

"केस काळे," ताई म्हणाली. "लिही. काळेभोर."

"बरं. कातडी?"

"गव्हाळ. म्हणजे... सावळ्याकडं झुकणारी."

"माझ्यापेक्षा सावळी?" बेबीनं विचारलं. तिनं हात पुढं केला होता, बाही कोपरापर्यंत वर घेऊन. "माझ्यासारखी?"

ताईनं हाताकडं बघितलं. "तशीच. नाही, उजळ असेल थोडी. लिही गव्हाळ."

"डोळे?"

"काळे."

"काळे की तपकिरी?" भाऊनं विचारलं. "अगदी काळे डोळे नसतात ताई कुणाचे. फोटोत जरा फिकट दिसतायत, म्हणून विचारतो."

"मग तपकिरी."

"गडद?"

पेन्सिल कागदावर टेकून थांबली होती. वहिनीनं हळूच चहाचा कप ताईच्या पुढं सरकवला.

"स्वेटर कुठला होता?" बेबी म्हणाली. "स्टुडिओत तू होतीस ना बरोबर?"

स्वेटरचा रंग ताईनं डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. आला तो करडा. खुर्चीही करडी आली आणि स्टुडिओवाल्याचा कोटही. स्टुडिओतून घरी येताना रस्ता होता, आणि रस्त्यानं आईचा हात धरून अकरा वर्षांची एक मुलगी चालत होती, आणि वर बघितलं की आईच्या जागी हाच फोटो होता. ती पुन्हा पुन्हा वर बघत राहिली. वर प्रत्येक वेळी फोटोच होता.

या घरात आईबद्दल शेवटचा शब्द ताईचा असायचा. आईला काय आवडलं असतं, आई काय म्हणाली असती, आईला हे चाललं असतं का, सगळं ताई सांगायची आणि सगळे ऐकायचे. कपाटाच्या भांडणातसुद्धा ती म्हणाली होती, आई असती तर कपाट मला दिलं असतं, आणि त्यापुढं कुणाला बोलता आलं नव्हतं.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

"सावकाश आठव. संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

"सावकाशीचा प्रश्न नाही, बेबी. मला तिचे डोळे आठवत नाहीत. कधीपासून ते माहीत नाही. रोज हाच फोटो बघत आले, त्यानंच पुसून टाकलं असेल सगळं." तिनं कप हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला. "आणि गाण्याचंही खरं नाही. ती गायची नाही. तुम्ही झोपत नव्हता, म्हणून मी सांगायचे. एकदा सांगितलं की दुसऱ्या दिवशी तुम्ही तेच मागायचा."

"पदरानं पुसलेला फोटो?" वकिलानं विचारलं.

"ते..." ताईनं मान हलवली. "ते खरं असेल. पैजेवर नाही सांगता येणार."

वकिलानं आयुष्यात बरेच साक्षीदार मोडताना पाहिले होते आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. आता तो उठला आणि विनाकारण खिडकी उघडून आला.

आता काय करायचं हे भाऊला कळेना. पेन्सिल त्यानं खाली ठेवली. "मग राहू दे का हे असंच? बेबी? तुझ्यासाठी केलं होतं, तू सांग. वाईट नाही झालेलं."

वाईट खरंच नव्हतं. सहा वर्षांत त्याच्या हातून असा फोटो उतरला नव्हता. परक्यांचे गाल तो नुसते गुलाबी करायचा. इथं गालाच्या खाली किंचित पिवळा होता, डोळ्यांखाली दमलेला निळसर होता, ओठ थंडीनं उललेले होते. माणूस माहीत असल्याशिवाय असं रंगवता येत नाही.

बेबीनं बराच वेळ फोटो पाहिला. ही बाई तिच्या ओळखीची होती. हिनं तिची वेणी घातली होती, गोवर आला तेव्हा रात्री जागवल्या होत्या, परीक्षेच्या दिवशी हिनंच तिला शाळेच्या दारापर्यंत सोडलं होतं. हिच्यावर तिचं प्रेम होतं, आणि ते सांगायला तिला फोटो लागत नव्हता.

"पूस," ती म्हणाली.

"नक्की?"

"तू आहेस की माझ्यासमोर, ताई. तुला कशाला भिंतीवर लावू? आणि तुझ्या तोंडाखाली ती कुठं गेली मग? ओळख नाही तर नाही. पण जी कोण होती ती राहू दे."

भाऊनं कापसाचा बोळा केला, टर्पेंटाइनमध्ये बुडवून पिळला आणि बेबीपुढं धरला. बेबीनं तो ताईकडं दिला. ताईनं घेतला.

"घासू नकोस," भाऊ म्हणाला. "नुसता टेकवून फिरव. कडेकडून आत ये. बोळा खराब झाला की टाकून दे, दुसरा घे."

ताईनं पडद्यापासून सुरुवात केली. हिरवा गेला. मग स्वेटर, खांद्यापासून बाहीकडं. वहिनी तिला एकेक कोरा बोळा करून देत होती आणि खराब झालेला परत घेत होती. दोघी बोलत नव्हत्या, पण हात एकमेकींच्या वेळेला येत होते. टेबलाच्या कडेला विटकरी कापसाचा ढीग झाला. चेहरा आला तेव्हा ताई जरा थांबली. मग तिनं स्वतःचे गाल पुसले, ओठ पुसले, आणि शेवटी भाऊनं दिलेल्या बारीक काडीनं डोळे.

खालून करडी बाई वर आली. खुर्चीच्या कडेवर बसलेली, अकरा वर्षांची, चार वर्षांचा आणि काही महिन्यांची अशी तीन पोरं असलेली. ती ताईसारखी दिसत नव्हती. बेबीसारखीही नव्हती.

"ताई," बेबी म्हणाली, "एक तरी खरं सांग. गोष्ट नको. पैजेवर सांगता येईल असं."

ताईनं हात पुसले. चिकट बोटं तिनं एकेक करून पुसली, आणि सगळ्यांना वाटलं ती सांगणार नाही.

"तुला सांगितलं नाही कधी," ती म्हणाली. "चांगलं नाही ते. ती आजारी पडली त्याच्या आदल्या दिवशीचं. दुपारी मी शाळेतून आले आणि दार आपटलं. तू नुकतीच झोपली होतीस. सकाळपासून झोपत नव्हतीस, तिनं मांडीवर घेऊन घेऊन तुला कशीबशी झोपवलं होतं. दार आपटलं तशी तू दचकून उठलीस आणि भोकाड पसरलंस. ती तशीच उठली, तुला कडेवर घेऊन, आणि मला एक ठेवून दिली."

"मला कडेवर घेऊन?"

"हो. म्हणाली, कळत नाही तुला, बाळ झोपलंय. एवढंच. दुसऱ्या दिवशी ताप चढला, मग ती माझ्याशी काही बोललीच नाही. तू झोपलीस तशी ती भांडी घासायला बसली होती. हात गार होता तिचा. गारेगार. ते मला आठवतं."

भाऊनं मान खाली घातली होती. बेबी ताईच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"कुठल्या गालावर?"

ताईनं डावा गाल पुढं केला, आणि बेबीनं त्यावर हात ठेवला.